रक्तदाब कशाने चढतो? नुकतेच निदान झालेल्यांसाठी शोधाची पद्धत

एखाद्याचा रक्तदाब वाढलेला आढळला की घरात सर्वांत आधी ताणाचा विषय निघतो. नोकरीतली दगदग, मुलीचे लग्न, डोक्यावरचे कर्ज, भावकीतला वाद, यांपैकी काहीतरी कारण म्हणून पुढे येते आणि चौकशी तिथेच थांबते. ताणाने दाब चढतो हे खरेच आहे. मात्र असा चढलेला दाब बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत उतरतो. दिवसच्या दिवस आणि महिनोन्‌महिने दाब वर ठेवणाऱ्या गोष्टी स्वयंपाकघरातल्या बरण्यांत, औषधांच्या डब्यात आणि खिशातल्या पुडीत असतात, आणि त्यांची विचारपूस क्वचितच होते. डॉक्टरांनाही त्या सांगितल्या जात नाहीत, कारण गुडघेदुखीची गोळी किंवा ज्येष्ठमधाचा काढा ही सांगण्याजोगी बाब आहे असे रुग्णाला वाटतच नाही.

ज्यांना नुकतेच निदान झाले आहे, किंवा ‘काठावर आहे, लक्ष ठेवा’ असे सांगण्यात आले आहे, त्यांनी आपला दाब नेमका कशाने चढतो याचा शोध कसा घ्यावा, हे येथे क्रमाने मांडले आहे. त्याला दोनतीन महिने लागतील आणि ते लागू द्यावेत.

आरंभी दोन सूचना. पहिली अशी की हा शोध गोळ्यांना पर्याय नाही. डॉक्टरांनी सुरू केलेली दाबाची गोळी स्वतःहून थांबवू नये. क्लोनिडीनसारखे औषध एकाएकी बंद केल्यास दाब पूर्वीपेक्षाही वर उसळू शकतो, आणि ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल अचानक सोडणे हृदयविकार असलेल्यांना धोक्याचे ठरते. दुसरी सूचना तातडीची आहे. दाब 180/120 किंवा त्याहून अधिक आला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे यांपैकी काही असले, तर हा शोध बाजूला ठेवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आधी एवढे समजून घ्यावे

रक्तदाब तीन गोष्टींवर ठरतो: हृदय किती जोराने आणि किती वेळा रक्त ढकलते, बारीक रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत, आणि शरीरात मीठ-पाणी किती साठले आहे. भीती, थंडी, वेदना, निकोटीन, कॅफीन हे पहिल्या दोन गोष्टींवर चेतासंस्थेच्या मार्फत झटपट काम करतात. म्हणून त्यांचा परिणाम लगेच दिसतो आणि लवकर ओसरतो. मीठ, वेदनाशामके, ज्येष्ठमध, स्टेरॉइड हे मुख्यतः मूत्रपिंडाच्या वाटेने मीठ-पाणी अडवून धरतात; म्हणून त्यांचा परिणाम सावकाश चढतो, टिकून राहतो आणि अंगाला काहीच जाणवत नाही. पहिल्या गटाला आपण या लेखापुरते क्षणिक आणि दुसऱ्याला टिकाऊ म्हणू. नवख्यांची फसगत होते ती इथे: क्षणिक गोष्टी जाणवतात म्हणून दोष त्यांच्या माथी जातो आणि टिकाऊ गोष्टी सुटतात.

पहिली पायरी: मोजणी निर्दोष करावी

मोजण्याच्या पद्धतीतच चूक असेल तर पुढचे सगळे निष्कर्ष वाया जातात, म्हणून या पायरीवर घाई करू नये. दंडावर पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे. मनगटावरची यंत्रे हाताची उंची जराशी बदलली तरी चुकतात. यंत्राच्या खोक्यावर पट्ट्याचे माप सेंटिमीटरमध्ये दिलेले असते. टेपने दंडाचा घेर मोजून तो त्या मापात बसतो का हे पाहावे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वर येतो, आणि ही चूक दवाखान्यांतही सर्रास होते.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. लघवी करून यावे, कारण भरलेले मूत्राशयही दाब चढवते. पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीवर येईल. ही पातळी किरकोळ बाब नाही: दंड हृदयाच्या 10 सेंटिमीटर खाली असला तर केवळ रक्ताच्या स्तंभाच्या वजनाने आकडा 7 ते 8 ने वाढतो. मोजताना बोलू नये आणि कुणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही देऊ नये. जिन्याने चढून आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून, सदरा दंडावर गुंडाळून, ‘काय त्रास होतो?’ असे विचारत मोजलेला दाब त्याचा नेहमीचा दाब नव्हे.

सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी, आणि रात्री जेवणाच्या आधी, एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे एका वहीत लिहावेत. असे सात दिवस करावे. पहिला दिवस सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढावी, कारण पहिल्या दिवशी यंत्राचेच दडपण असते. घरच्या मोजणीत ही सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक असेल तर दाब वाढलेला समजतात. दवाखान्यातल्या मोजणीसाठी हीच रेषा 140/90 अशी धरली जाते.

दोन रेषांमध्ये हा फरक का, याचे उत्तर इटलीतील मिलान येथे झालेल्या एका कामातून मिळते. ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या धमनीत बारीक नळी बसवून दाब अखंड नोंदवला. डॉक्टर दाब मोजण्यासाठी खाटेशी येऊन उभे राहिले की पहिल्या काही मिनिटांत वरचा आकडा सरासरी 27 ने आणि खालचा 15 ने चढे, आणि मग हळूहळू उतरे. डॉक्टरांची उपस्थिती हीच एक उत्तेजना आहे. ज्यांचा दाब फक्त दवाखान्यातच चढतो त्यांच्यासाठी घरची वही हा मोठा पुरावा ठरतो. उलट काहींचा दाब दवाखान्यात नेमका ठीक आणि घरी वाढलेला असतो, आणि तो प्रकार अधिक काळजीचा आहे.

यंत्र परवडत नसेल तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात 30 वर्षांवरील प्रत्येकाचा दाब विनामूल्य तपासला जातो. तिथे गेल्यावरही पाच मिनिटे बसू देण्याची विनंती अवश्य करावी.

दुसरी पायरी: क्षणिक गोष्टी ओळखून बाजूला काढाव्यात

वहीत आकड्याशेजारी एक रिकामा रकाना ठेवावा आणि मागच्या तासाभरात काय घडले ते दोन शब्दांत लिहावे: ‘भांडण’, ‘दाढ दुखते’, ‘झोप नाही’, ‘गार पाण्याने अंघोळ’. आठवड्याभरात वर उडालेल्या बऱ्याच आकड्यांचा उलगडा या रकान्यातून होतो.

थंडीचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील हाइन्स आणि ब्राउन या डॉक्टरांनी 1930च्या दशकात एक साधी चाचणी रूढ केली: माणसाचा हात बर्फाच्या पाण्यात मिनिटभर बुडवायचा आणि दाब पाहायचा. बहुतेकांचा वरचा आकडा त्या एका मिनिटात दहा-वीसने चढतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्याने हे घडते, आणि हिवाळ्यात हेच सौम्य रूपात दिवसभर चालू राहते. म्हणून निफाडच्या कडाक्यात किंवा टोरांटोच्या जानेवारीत त्याच माणसाचा दाब उन्हाळ्यापेक्षा वर असतो. परदेशात राहणाऱ्या आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या मराठी ज्येष्ठांनी याची विशेष दखल घ्यावी. तिकडच्या थंडीत ठरवलेला गोळ्यांचा डोस इकडच्या उन्हात आणि घामात जास्त होऊन उभे राहताच भोवळ येऊ शकते, तेव्हा प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

जोर लावण्याची कृती ही दुसरी मोठी उत्तेजना. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात 1985 मध्ये वजन उचलणाऱ्या तरुणांच्या धमनीतला दाब प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी 320/250 इतका चढलेला आढळला. ती निरोगी, सराव असलेली मंडळी होती आणि वजन खाली ठेवताच दाब लगेच उतरत होता. यातून व्यायाम सोडावा असा अर्थ काढू नये. चालणे, सायकल आणि हलके वजन यांनी दाब काही आठवड्यांत उतरतोच. श्वास कोंडून जोर लावणे मात्र टाळावे, मग ते जिममधले वजन असो, पाण्याने भरलेला हंडा असो किंवा बद्धकोष्ठामुळे शौचाला कुंथणे असो.

वेदना, आरडाओरडा, चुकलेली झोप, रात्रीचा सततचा गोंगाट हेही दाब चढवतात. येथे त्यांच्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही. त्यांची नोंद झाली की उरलेले, शांत वेळचे आकडे पाहावेत. तेही वरच असतील तर कारण दुसऱ्या गटात शोधायचे.

तिसरी पायरी: मिठाचा हिशेब पाकिटावरून करावा

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी, आणि त्यात दिवसभरातले सर्व अन्न आले. ‘आमच्याकडे मीठ कमीच असते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते, म्हणून जिभेवर विसंबून न राहता मोजावे. मोजण्याची रीत सोपी आहे. मिठाचे 1 किलोचे नवे पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहावी आणि पाकीट संपेल त्या दिवशी पुन्हा लिहावी. घरात चार माणसे जेवत असतील आणि प्रत्येकी 5 ग्रॅम धरले तर दिवसाला 20 ग्रॅम, म्हणजे पाकीट 50 दिवस पुरायला हवे. ते 30 दिवसांतच संपले तर दिवसाला 33 ग्रॅम, म्हणजे माणशी 8 ग्रॅमहून अधिक मीठ जात आहे. लोणच्याच्या हंगामात घातलेले मीठ वेगळे काढून लिहावे, नाहीतर हिशेब बिघडेल. आणि या आकड्यात बाहेरचे फरसाण, वडापाव, पाव आणि बिस्किटे अजून धरलेलीच नाहीत.

यानंतर ताटाकडे पाहावे. मराठी जेवणातले मीठ भाजी-आमटीपेक्षा ताटाच्या डाव्या बाजूला अधिक साचते: लोणचे, ठेचा, चटणी, पापड, कुरडई, सांडगी मिरची. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो, आणि तोही सोडियमचाच क्षार आहे. किनारपट्टीवर सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा आणि भरपूर मीठ घालून टिकवलेले कोकमाचे आगळ यांची भर पडते. सुके मासे शिजवण्यापूर्वी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर बरेच मीठ निघून जाते, मग वरून मीठ घालू नये. भाकरीच्या पिठात, भातात आणि ताकात मीठ घालण्याची सवय असेल तर कपात तिथूनच सुरू करावी, कारण तिथे ते गेल्याचे सर्वांत कमी जाणवते.

उपवासाला शेंदेलोण चालते म्हणून ते दाबालाही चालते, असा समज पक्का रुजलेला आहे आणि तो खोडून काढणे मला फार गरजेचे वाटते. शेंदेलोण असो, पादेलोण असो की गुलाबी खडे, त्यांतला बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच असतो. शिवाय त्यांत आयोडीन घातलेले नसेल तर दुसराच प्रश्न उभा राहतो.

पाकीटबंद पदार्थावर बहुधा मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. 100 ग्रॅममागे 900 मिलिग्रॅम सोडियम असलेल्या शेवेची 50 ग्रॅमची वाटी खाल्ली तर 450 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे 1 ग्रॅमहून थोडे अधिक मीठ पोटात गेले.

खायचा सोडा मीठ म्हणून मोजला जात नाही, पण त्याच्या 1 ग्रॅममध्ये सुमारे 270 मिलिग्रॅम सोडियम असते. ढोकळा, भजी आणि विशेषतः ॲसिडिटीवर पाण्यात फसफसवून घ्यायच्या पुड्या यांतून ते येते. पुडीच्या मागे घटकांचे वजन छापलेले असते. ते वाचले की रोज रात्री एक पुडी घेणाऱ्याला आपल्या दिवसाच्या कोट्याचा केवढा वाटा त्या एका पेल्यात जातो हे कळेल. पाण्यात विरघळणाऱ्या वेदनाशामक आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे.

मीठ दिवसाला 4 ते 5 ग्रॅमने उतरवले तर वाढलेला दाब असणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी 5 च्या आसपास उतरतो. परिणाम दिसायला सुमारे चार आठवडे द्यावेत. तेवढ्यात जीभही कमी मिठाला सरावते. काही मीठ पोटॅशियम क्लोराइडने बदलण्याचाही पर्याय आहे. चीनच्या 600 खेड्यांत सुमारे 21,000 लोकांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चौथा भाग पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी राहिले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मीठ वापरू नये, कारण रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

चौथी पायरी: औषधांची पिशवी उलटी करावी

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वाधिक फळ देणारी आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण येथे एक गोष्ट थांबवली की दाब खरोखर उतरताना दिसतो. घरातल्या सर्व गोळ्या, सिरप, थेंब, चूर्णे आणि काढे टेबलावर काढावेत. डॉक्टरांनी दिलेले आणि दुकानातून स्वतः आणलेले असे दोन ढीग करून प्रत्येकाचे मूळ नाव, म्हणजे पाकिटावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले घटकाचे नाव, वहीत उतरवावे.

पहिला शोध वेदनाशामकांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही नावे दिसली की अधोरेखित करावीत. मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला मदत करणारी द्रव्ये ही औषधे तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे पाणी साठते आणि दाब चढतो. त्याहून वाईट म्हणजे दाबाच्या बऱ्याच गोळ्यांचा असर ती कमी करतात. दाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली तर मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. गुडघेदुखीसाठी रोज दुकानातून दोन गोळ्या आणणाऱ्या आजींचा दाब ‘कशानेच आटोक्यात येत नाही’ अशी तक्रार असते, आणि त्यांच्या चिठ्ठीत दाबाची तिसरी गोळी वाढवली जाते. त्यांना गोळीऐवजी गुडघ्यावर लावायचे जेल पुरत असेल तर डॉक्टरांना विचारून तो बदल करावा, कारण जेलमधून रक्तात फारच थोडे औषध जाते. पॅरासिटामॉल अधूनमधून घेणे तुलनेने सुरक्षित आहे, पण रोजच्या मोठ्या डोसाने तेही दाब चढवते: एडिंबरा येथे झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवडे रोज 4 ग्रॅम घेणाऱ्यांचा वरचा आकडा सुमारे 5 ने वाढला.

दुसरा शोध सर्दीच्या गोळ्यांचा. फिनाइलेफ्रिन आणि स्यूडोएफेड्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळे करतात, आणि त्याच गुणाने शरीरातल्या इतर वाहिन्याही आवळतात. याच घराण्यातल्या फिनाइलप्रोपॅनोलामाइनवर भारतात 2011 मध्ये बंदी आली. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे नाकातले थेंबही दिवसेंदिवस वापरू नयेत. सर्दी झाली असता औषध दुकानदाराला ‘मला बीपी आहे’ हे आधी सांगावे. वाफ आणि मिठाच्या पाण्याचे थेंब बहुतेकांना पुरतात. (नाकात घातलेल्या त्या थेंबांतले मीठ हिशेबात धरण्याइतके नसते.)

तिसरा शोध ज्येष्ठमधाचा. खोकल्याला ज्येष्ठमधाची कांडी चघळणे, काढ्यात तो घालणे, घशासाठी त्याच्या गोळ्या ठेवणे हे आपल्याकडे इतके रूढ आहे की ते औषध मानलेच जात नाही. नेदरलँड्समधील रेव्हर्स या डॉक्टरांनी 1946 मध्ये पोटाच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. व्रणाला गुण आला, पण बऱ्याच रुग्णांच्या अंगावर सूज आली. कारण पुढे उलगडले. ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन हा गोड घटक मूत्रपिंडातले एक विकर (एन्झाइम) रोखतो, त्यामुळे शरीरातले नेहमीचे कॉर्टिसॉल मीठ अडवणाऱ्या संप्रेरकासारखे वागू लागते. मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते, आणि लघवीची गोळी चालू असेल तर ते आणखी घटते. दोनचार दिवसांच्या खोकल्यापुरता थोडासा ज्येष्ठमध घेण्याने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. दाब असलेल्याने मात्र तो रोज घेऊ नये. बाटलीवर ‘यष्टिमधु’ असे लिहिले असेल तर तोही ज्येष्ठमधच. थांबवल्यावर परिणाम ओसरायला दोन आठवडे किंवा अधिक लागतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी मोजून निष्कर्ष काढू नये.

चौथा शोध संप्रेरकांचा. माला-एन किंवा माला-डीसारख्या इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी काही स्त्रियांचा दाब चढतो, म्हणून त्या सुरू करण्याआधी आणि नंतर काही महिन्यांनी दाब तपासावा. वाढलेला आढळल्यास इस्ट्रोजेन नसलेले पर्याय सरकारी केंद्रांतही मिळतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे दाब आणि साखर दोन्ही वाढवतात. दमा किंवा सांधेदुखीवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या, घटकांचे नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडण्याचे प्रकार घडलेले आहेत. अशी पुडी अनेक आठवडे घेत असाल तर ती एकदम न सोडता डॉक्टरांना दाखवावी, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड झटक्यात बंद करणे जिवावर बेतू शकते.

नैराश्यावरचे व्हेन्लाफॅक्सिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन आणि कर्करोगावरची काही औषधेही दाब वाढवतात. ती अत्यावश्यक असतात. त्यांना स्वतः हात लावू नये, फक्त यादीत लिहावीत.

पाचवी पायरी: तंबाखू, मद्य आणि चहा यांना एकाच तागडीत तोलू नये

तंबाखूचा प्रत्येक डोस दाब चढवतो. सिगारेटचा परिणाम साधारण अर्ध्या तासात उतरतो. चुना लावून गालात धरलेल्या तंबाखूतून आणि मशेरीतून निकोटीन सावकाश झिरपत राहते, म्हणून चढही अधिक वेळ टिकतो. दिवसातून आठदहा वेळा बार भरणाऱ्याचा दाब मग दिवसभर खाली येतच नाही. गावाकडच्या अनेक स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, तेव्हा घरातल्यांनी आणि आरोग्यसेविकांनी मशेरीचे नाव घेऊनच विचारावे. तंबाखूने हृदयाची आणि धमन्यांची जी हानी होते ती दाबाच्या आकड्यात पूर्ण दिसत नाही, म्हणून आकडा ठीक असला तरी ती सोडायलाच हवी.

मद्य फसवे आहे. जास्त प्यायल्यावर पहिले बारा तास दाब थोडा उतरतो आणि त्यानंतर चढतो, त्यामुळे रात्री पिऊन लगेच मोजणाऱ्याला दिलासा मिळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या चढाचे खापर कामाच्या ताणावर फुटते. नियमित मद्यपान आणि दाब यांचा संबंध नवा शोध नाही; फ्रेंच डॉक्टर कामिय लियाँ यांनी 1915 मध्येच सैनिकांच्या तपासणीतून तो नोंदवला होता. रोज पिणाऱ्याने ठरवून कमी केले तर काही आठवड्यांत आकडे उतरतात. मात्र भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास थरथर, घाम आणि दाबात उसळी येते. त्याने वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावे.

चहा-कॉफीवर मात्र नको तितका राग काढला जातो. सवय नसलेल्याने दोनतीन कप कॉफी एकदम घेतली तर वरचा आकडा 8 च्या आसपास चढून तीन तासांपर्यंत वर राहू शकतो. रोज पिणाऱ्यांत हा परिणाम बराच बोथट होतो. आपल्यावर किती होतो हे तपासणे सोपे आहे: कप घेण्याआधी मोजावे आणि पाऊण तासाने पुन्हा मोजावे. फरक 5 हून कमी असेल तर दोन कप चहासाठी जिवाला लावून घेऊ नये. कॅफीनयुक्त ऊर्जापेये हा वेगळा विषय आहे. डब्यावर 100 मिलिलिटरमागे कॅफीन किती ते छापलेले असते. परीक्षेच्या दिवसांत एकामागून एक डबे रिचवणाऱ्या मुलांनी ते वाचायलाच हवे.

सहावी पायरी: रात्रीची चौकशी

सकाळचे आकडे सातत्याने रात्रीच्यापेक्षा बरेच वर असतील तर झोपेविषयी जोडीदाराला विचारावे. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जागे होणे, सकाळी डोके जड असणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे ही झोपेतल्या श्वासरोधाची लक्षणे आहेत. प्रत्येक वेळी श्वास अडला की रक्तातला प्राणवायू घटतो आणि शरीर झोपेतच दाब चढवते. असा माणूस स्वतः काही सांगू शकत नाही, कारण त्याला ते ठाऊक नसते; आणि तो कितीही गोळ्या घेत असला तरी या श्वासरोधावर उपचार झाल्याशिवाय दाब आटोक्यात येणे अवघड जाते.

सातवी पायरी: एका वेळी एकच बदल, आणि मग डॉक्टरांकडे

मीठ, गोळी, तंबाखू आणि कॉफी एकाच सोमवारी बंद केली तर दाब कशाने उतरला हे कळणार नाही. तंबाखू सोडणे याला अपवाद आहे. तिच्यासाठी वाट पाहू नये. बाकी गोष्टींत एक बदल करावा, तीनचार आठवडे तसाच पाळावा, शेवटच्या आठवड्यात पहिल्या पायरीप्रमाणे मोजून सरासरी काढावी आणि मगच पुढचा बदल करावा. क्रम विचाराल तर आधी दुकानातून स्वतः आणलेली वेदनाशामके आणि ज्येष्ठमध, मग मीठ, मग मद्य, असा ठेवावा.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्याव्यात: दर आठवड्याच्या सरासरीचे एक पान, औषधांची संपूर्ण यादी आणि स्वतःचे यंत्र. त्यांच्या यंत्राशेजारी आपले यंत्र लावून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहता येते. मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन, तसेच रक्तातले पोटॅशियम आणि थायरॉइड पाहिले आहे का, हे विचारावे. वय तिशीच्या आत असेल, तीन औषधे नियमित घेऊनही दाब वरच असेल, पोटॅशियम विनाकारण कमी येत असेल, किंवा घाम, धडधड आणि डोकेदुखी यांचे झटके येत असतील, तर मूत्रपिंडाच्या धमन्या आणि मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथी यांची तपासणी करावी का, हेही त्याच भेटीत स्पष्टपणे विचारून घ्यावे.